नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, तरीही रीफ टँकमधली प्रवाळं फिकी का पडतात?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ कळेल. सम्प (खालची गाळणीची टाकी) धरून साधारण २०० लिटर पाणी असलेला रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या प्रवाळांचा टँक, ड्राय रॉकवर (कोरड्या, निर्जीव दगडांवर) सुरू केलेला, आता पाच महिन्यांचा. आत क्लाउनफिशची जोडी, एक हॅमर (दगडी सांगाड्याचं प्रवाळ), काही मऊ प्रवाळं, बटन पॉलिपचा (बटणासारख्या छोट्या प्रवाळांचा) एक दगड आणि अक्रोपोरा या फांदीदार दगडी प्रवाळाच्या दोन फांद्या. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, अल्कलिनिटी (प्रवाळाला सांगाड्यासाठी लागणाऱ्या कार्बोनेटचं माप, डीकेएच या एककात) ११ डीकेएच. स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) रात्रंदिवस चालू, फॉस्फेट काढायला जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे), शिवाय रोज कार्बन डोसिंग (नायट्रेट-फॉस्फेट खाणारे जिवाणू वाढवायला त्यांना कार्बनचं खाद्य देणं). एवढं करूनही हॅमर पांढुरका पडलाय, अक्रोपोराची टोकं जळल्यासारखी दिसताहेत, वाळूवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरलेला थर संध्याकाळपर्यंत दाट होतो आणि सकाळी निम्मा गायब असतो, गोगलगाई मरताहेत. आणि तुमचे तीन प्रश्न: सगळं पाणी बदलू का, दगड काढून उकळून पुन्हा सुरुवात करू का, आणि सगळं सुरळीत झालं की क्लाउनसाठी त्यांना आसरा देणारा फुलासारखा समुद्री प्राणी, म्हणजे अ‍ॅनेमनी घेऊ का.

दगडांचं आधी सांगतो, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. दगड उकळू नका. त्यावर गरम पाणीही ओतू नका, वाळवून ब्रशने घासू नका. बटन पॉलिप म्हणून जे विकलं जातं त्यातल्या पॅलिथोआ आणि झोअँथस गटातल्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन असतं. निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी हे एक, आणि त्यावर ठरलेला असा उतारा नाही. उकळल्यावर ते वाफेच्या तुषारांतून श्वासात जातं. ताप, खोकला, धाप लागणं, तोंडाला कडवट किंवा धातूसारखी चव, स्नायू दुखणं अशी लक्षणं दिसतात, आणि खोलीत असलेल्या प्रत्येकाला त्रास होऊ शकतो. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर भागात टँकमधलं प्रवाळ काढून साफसफाई करताना असंच झालं आणि घरातल्या माणसांबरोबर मदतीला आलेल्या कर्मचाऱ्यांनाही रुग्णालयात न्यावं लागलं. तो दगड हलवावा लागला तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि काम शक्यतो पाण्याखालीच करायचं. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवसावर ढकला.

आता मूळ दुखणं. तुमचा टँक घाण नाही, उपाशी आहे.

हे पटायला जड जातं, कारण ‘रीफला पाणी अतिशुद्ध लागतं’ हेच आपण पहिल्या दिवसापासून ऐकत असतो. त्यामागे तर्कही असतो: समुद्रातल्या प्रवाळभित्तीवरचं पाणी मोजलं तर नायट्रेट आणि फॉस्फेट खरोखरच नगण्य निघतात. पण तो आकडा म्हणजे पासबुकातली शिल्लक. त्या खात्यातून दिवसभरात किती आलं आणि किती गेलं ते शिल्लक सांगत नाही. भित्तीवरून प्लवक वाहून नेणारं पाणी सतत जात असतं, हजारो मासे तिथे विष्ठा टाकत असतात, आणि प्रवाळ ते सगळं येता येता टिपत असतं. पाण्यात उरत काही नाही, पण मिळत भरपूर असतं. तुमच्या २०० लिटरमध्ये दोन मासे, दिवसातून चिमूटभर खाणं, आणि जे काही उरतं ते पळवायला तीन यंत्रणा. तिथे शून्य म्हणजे खरंच शून्य.

प्रवाळाच्या पेशींत झुझॅन्थेली नावाची एकपेशीय शैवालं राहतात. प्रकाशात ती साखर तयार करतात आणि त्यातला मोठा वाटा यजमानाला देतात. प्रवाळ त्यांना कार्बन डायऑक्साइड आणि आपल्या शरीरातला नायट्रोजनचा कचरा पुरवतं. वनस्पतीसारखंच या शैवालांनाही नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतो. तो मिळाला नाही की त्यांची संख्या आणि रंगद्रव्यं घटतात आणि आपल्याला प्रवाळ फिकं दिसतं. हे तापमान वाढल्याने होणारं ब्लीचिंग (शैवालं गमावून प्रवाळ पांढरं पडणं) नव्हे, पण शेवट त्याच दिशेला जातो. फॉस्फेटची टंचाई जास्त घातक, विशेषतः नायट्रेट बऱ्यापैकी असताना फॉस्फेट अजिबात नसेल तेव्हा. म्हणून ‘नायट्रेट थोडं वाढवलं, पण जीएफओ चालूच ठेवला’ असा अर्धा उपाय करू नका.

अक्रोपोराची जळकी टोकं याच गोष्टीची दुसरी बाजू. समुद्राच्या पाण्याची अल्कलिनिटी साधारण ७ डीकेएच असते. ११ हा आकडा धष्टपुष्ट, भरपूर खाणाऱ्या टँकला चालून जातो. उपाशी टँकमध्ये मात्र सांगाडा वाढवण्याचा जोर मिळतो आणि त्यावर पसरायला लागणारी ऊती तयार होत नाही. टोकाला पांढरा सांगाडा उघडा पडतो. निदान असं त्याचं स्पष्टीकरण दिलं जातं. कारणाबद्दल वाद घालता येईल, पण पोषकद्रव्यं शून्याजवळ आणि अल्कलिनिटी १० च्या वर ही जोडी अक्रोपोराला मानवत नाही, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आणि वाळूवरचा तपकिरी थर? वर्णनावरून डायनोफ्लॅजेलेट्स, म्हणजे आपल्या भाषेत डायनो. संध्याकाळपर्यंत दाट, रात्री विरळ, दोऱ्यांसारखा, प्रत्येक दोऱ्याच्या टोकाला बुडबुडा, आणि गोगलगाई मरणं: सगळी लक्षणं तिकडेच बोट दाखवतात. पण वर्णनावरून उपचार करू नका, कारण तपकिरी रंगाचे तीन वेगळे पाहुणे येतात. नव्या टँकमध्ये पहिल्या काही आठवड्यांत येतात ते डायटम. धुळीसारखे, हाताने वारा घातला तरी उडणारे, गोगलगाई आवडीने खातात, पाण्यातलं सिलिकेट संपलं की आपोआप जातात. सायनो म्हणजे जिवाणूंची चादर. बहुधा लालसर जांभळी, पण तपकिरीही असते, आणि नळीने ओढली तर सलग पापुद्र्यासारखी निघते. डायनो शेंबडासारखे असतात. (दुसरा शब्द सुचत नाही, आणि प्रत्यक्ष पाहिल्यावर तुम्हालाही सुचणार नाही.)

खात्री करायची सोपी चाचणी: थोडा थर पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवून पूर्ण मोडा, कॉफीच्या फिल्टर पेपरमधून गाळा आणि खाली आलेलं पाणी तासभर उजेडात ठेवा. गाळलेल्या पाण्यात पुन्हा गोळे आणि दोरे जमले तर डायनो. याहून चांगला मार्ग सूक्ष्मदर्शक. मुलांच्या प्रयोगासाठी मिळतो तसला साधाही चालतो, ४०० पट मोठं दिसलं की पुरे. एवढ्यासाठी तो घ्यायचा का, असं वाटेल. घ्या. कारण डायनोंचे प्रकार आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. थेंबाच्या आकाराचे, टोकाशी बांधल्यासारखे गोल गोल फिरणारे दिसले तर ऑस्ट्रिऑप्सिस. हे विषारी, गोगलगाई मारणारे, पण रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगायला येतात, त्यामुळे यूव्ही दिव्यात (वाहत्या पाण्यातले जीव अतिनील किरणांनी मारणाऱ्या उपकरणात) सापडतात. चपटे, अंडाकृती, एका टोकाला छोटीशी चोच असल्यासारखे आणि वाळूवरून सरपटत जाणारे असतील तर अँफिडिनियम. हे बहुतांशी वाळूतच राहतात; यूव्हीवर खर्च केला तरी यांचं काही बिघडत नाही. तुमच्या गोगलगाई मरताहेत आणि थर रात्री विरतो, त्यावरून माझा अंदाज ऑस्ट्रिऑप्सिसचा आहे, पण तो अंदाजच समजा.

डायनो आले कुठून, हा प्रश्न खरं तर फारसा महत्त्वाचा नाही. थोडेफार ते प्रत्येक टँकमध्ये असतात. विचारायला हवं ते हे, की त्यांना रान मोकळं कुणी करून दिलं. ड्राय रॉक म्हणजे निर्जीव दगड. त्यावर जिवाणू, डायटम, हिरवं शेवाळ, कृमी, कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) यांची वस्ती बसायला महिने लागतात. ती बसत असतानाच तुम्ही नायट्रेट आणि फॉस्फेट खरवडून काढलं. इतर शैवालं उपासमारीत मागे पडली आणि ज्यांना तुटपुंज्यावर भागवता येतं, प्रसंगी जिवाणू गिळूनही जगता येतं, ते डायनो मोकळ्या जागेत पसरले. १९६० च्या आसपास जकार्तामध्ये ली चिन एंग यांनी समुद्रातून आणलेले जिवंत दगड, सूर्यप्रकाश आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर प्रवाळं जगवून दाखवली होती. ना स्किमर, ना जीएफओ. गाळणीचं काम दगडावरची वस्ती करत होती. पुढे बर्लिनकडच्या हौशी लोकांनी जिवंत दगडाला स्किमरची आणि तीव्र दिव्यांची जोड दिली आणि आजची पद्धत त्यातूनच आली. आपण त्यातली यंत्रं उचलली, आणि किडे येऊ नयेत म्हणून जिवंत दगड मात्र सोडून दिला. ड्राय रॉक वाईट नाही. नको ते खेकडे आणि उपद्रवी अ‍ॅनेमनी येत नाहीत, भित्तीवरून दगड तोडावे लागत नाहीत. फक्त त्याला वेळ द्यावा लागतो, आणि त्या काळात उपाशी ठेवून चालत नाही.

आता करायचं काय.

जीएफओ आज काढा. कार्बन डोसिंग मात्र एका दिवसात तोडू नका, आठ-दहा दिवसांत कमी करत बंद करा. त्यावर वाढलेले जिवाणू एकदम मेले तर वेगळाच घोळ होतो. स्किमर चालू राहू द्या. फेस थोडा कोरडा ठेवा, म्हणजे कप सावकाश भरेल, पण बंद करू नका: डायनो मरायला लागले की ऑक्सिजन झपाट्याने खर्च होतो, विशेषतः रात्री, आणि तेव्हा स्किमरच माशांना वाचवतो. सक्रिय कोळसा ठेवा आणि नियमित बदला. ऑस्ट्रिऑप्सिस असेल तर त्याचं विष धरायला तोच उपयोगी.

माशांचं खाणं वाढवा. दिवसातून दोन-तीनदा, संपेल एवढं. पण फक्त खाण्यावर विसंबलात तर नायट्रेट-फॉस्फेट मोजण्याइतकं दिसायला फार वेळ जाईल, म्हणून मी थेट डोस द्यायच्या मताचा आहे. त्याला विकतच्या बाटल्या मिळतात, पण हिशेब इतका सोपा आहे की घरी द्रावण करता येतं. सोडियम नायट्रेट १३७ ग्रॅम घेऊन आरओ-डीआय (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात विरघळवून एकूण एक लिटर करा. त्याच्या एका मिलिलिटरमध्ये १०० मिलिग्रॅम नायट्रेट येतं. तुमच्या २०० लिटरमध्ये ४ मिलिलिटर टाकलं की नायट्रेट २ पीपीएमने (लिटरला २ मिलिग्रॅमने) वाढतं. फॉस्फेटसाठी ट्रायसोडियम फॉस्फेट, बारा पाण्याचे रेणू असलेलं स्फटिकरूप, ४ ग्रॅम घेऊन एक लिटर करा. याच्या मिलिलिटरमध्ये १ मिलिग्रॅम फॉस्फेट; ४ मिलिलिटरने ०.०२ पीपीएम वाढ. दोन्ही रसायनं प्रयोगशाळेच्या किंवा खाद्य दर्जाची हवीत. शेतीचं खत किंवा फरशी धुण्याची पावडर चालणार नाही, त्यात आणखी काय काय असतं सांगता येत नाही. बाटल्यांवर ठळक नाव लिहा आणि मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा. द्रावण जिथे प्रवाह जोरात आहे तिथे हळूहळू ओता. फॉस्फेट एकाच जागी घट्ट पडलं तर कॅल्शियमबरोबर साका होऊन बसतं.

लक्ष्य नायट्रेट ५ ते १० पीपीएम आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ पीपीएम. तिथे पोहोचायला घाई नको. नायट्रेट दिवसाला २ पीपीएम आणि फॉस्फेट दिवसाला ०.०२ याहून जास्त नाही. पहिल्या काही आठवड्यांत एक गोष्ट तुम्हाला चक्रावून टाकेल. फॉस्फेट टाकलं, दुसऱ्या दिवशी मोजलं, पुन्हा शून्य. परत टाकलं, परत शून्य. ते हवेत जात नाही. कोरा चुनखडीचा दगड आपल्या पृष्ठभागावर फॉस्फेट धरून ठेवतो आणि त्याची भूक भागेपर्यंत पाण्यात काही उरू देत नाही. तेव्हा डोस दुप्पट करायचा मोह आवरा. रोज मोजा, रोज थोडं द्या. एके दिवशी आकडा टिकतो, आणि मग डोस लगेच कमी करायचा असतो. दगडाने साठवलेलं तो पुढे सावकाश परतही करतो.

फॉस्फेट मोजायचं कशाने, हेही महत्त्वाचं. रंग जुळवून पाहायच्या साध्या किटमध्ये ०.०० आणि ०.०३ यातला फरक डोळ्यांना कळत नाही, आणि तुमचा सगळा खेळ त्याच पट्ट्यात आहे. हातात मावणारा फॉस्फरस कलरीमीटर घ्या. तो पीपीबीमध्ये (पीपीएमच्या हजाराव्या भागात) फॉस्फरस दाखवतो. त्या आकड्याला ३.०६६ ने गुणून १००० ने भागलं की फॉस्फेटचे पीपीएम मिळतात. म्हणजे १० दाखवलं तर साधारण ०.०३. याच निमित्ताने रिफ्रॅक्टोमीटरही (पाण्याचा खारेपणा मोजायचं उपकरण) तपासा. तुम्ही तो शुद्ध पाण्यावर शून्य करून वापरता असं लिहिलंय. तसं केलं की शून्याजवळ तो बरोबर आणि ३५ जवळ चुकीचा असू शकतो. ३५ पीपीटीचं (हजारात ३५ भाग, समुद्राइतकं खारट) प्रमाण द्रावण मिळतं, त्यावर जुळवा. तुमच्या पाण्याच्या सापेक्ष घनतेचे १.०२६ प्रत्यक्षात १.०२३ किंवा १.०२९ असतील तर बाकीचे आकडेही त्या प्रमाणात खोटे ठरतात.

पाणी बदलण्याबद्दल. सगळं पाणी बदलू नका. डायनोंच्या काळात मोठे वॉटर चेंज बहुतेकदा उलटे पडतात: जेमतेम जमलेलं नायट्रेट-फॉस्फेट पुन्हा खाली येतं, ताजे सूक्ष्म घटक मिळतात आणि दोन दिवसांत थर आधीपेक्षा जोमाने येतो. काही आठवडे बदल थांबवा किंवा अगदी थोडे ठेवा. थर नळीने ओढून काढायचा असेल तर ओढलेलं पाणी बारीक फिल्टर सॉकमधून (मोज्यासारख्या कापडी गाळणीतून) गाळून परत टँकमध्ये सोडा आणि सॉक लगेच धुवा. संध्याकाळी ओढा, तेव्हा तो सगळ्यात जास्त वर आलेला असतो.

सूक्ष्मदर्शकात ऑस्ट्रिऑप्सिसच निघालं तर यूव्ही लावा, पण सम्पमध्ये कुठेतरी टांगून नव्हे. पाणी मुख्य टँकमधून घेऊन मुख्य टँकमध्येच सोडायचं, प्रवाह संथ ठेवायचा, आणि रात्री तो चालूच हवा. त्याच्या जोडीला तीन दिवस दिवे बंद ठेवले तर फरक लवकर दिसतो. इथे मी थोडा बिचकतो, कारण तुमची प्रवाळं आधीच अशक्त आहेत. आधी दोन आठवडे खाऊ-पिऊ घाला, मग अंधार. अँफिडिनियम निघालं तर अंधाराने काही साधत नाही. तिथे काही लोक सोडियम सिलिकेट थोडं थोडं देऊन मुद्दाम डायटम वाढवतात, म्हणजे वाळूवरची जागा डायटम घेतात. ऐकायला उफराटं वाटतं, पण चालतं. तो मार्ग घ्यायची वेळ आली तर सिलिकेट मोजायचं किट आधी आणा.

दगडावरची वस्ती वाढवायला एखाद्या ओळखीच्या, जुन्या, निरोगी टँकमधून मूठभर वाळू किंवा जिवंत दगडाचा तुकडा मिळाला तर सोन्याहून पिवळं. मात्र मासे आजारी असलेल्या टँकमधून काहीही घेऊ नका. पांढऱ्या ठिपक्यांच्या आजाराचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, ओल्या वाळूतून आणि दगडातून सहज येतो आणि रीफ टँकमध्ये त्यावर तांब्याचं औषध देता येत नाही, सगळे अपृष्ठवंशी प्राणी मरतात. कोपेपॉड आणि फायटोप्लँक्टन (पाण्यात तरंगणारी सूक्ष्म शैवालं) विकत मिळतात, तेही चांगले.

अल्कलिनिटीकडे वळतो. तुम्ही बाटलीवर छापलेला डोस रोज टाकताय. त्या बाटलीला तुमच्या टँकमध्ये किती प्रवाळं आहेत हे माहीत नाही. तुमच्याकडे सांगाडा बांधणारी प्रवाळं इन मीन तीन आणि तीही उपाशी. खप जवळजवळ नाहीच, म्हणून आकडा चढत ११ वर गेला. डोस थांबवा. खाली आणायला आम्ल वगैरे काही टाकू नका, आपोआप उतरू द्या. ८ च्या आसपास आलं की तिथे धरून ठेवा. तुमचं मीठ पाण्यात कालवल्यावर किती अल्कलिनिटी देतं तेही एकदा मोजा. रीफसाठी म्हणून मिळणारी बरीच मिठं ११-१२ देतात. टँक ८ वर आणि नवं पाणी १२ वर असेल तर ५० लिटर बदलताच टँक ९ वर जातो. दर आठवड्याला असा एका डीकेएचचा धक्का अक्रोपोराला जाणवतो.

खप काढायची रीत अशी: काहीही न टाकता तीन दिवस रोज ठरावीक वेळी मोजा. रोज जितकी उतरते तितकाच डोस. २०० लिटरमध्ये १ डीकेएच वाढवायला खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, साधारण ६ ग्रॅम लागतो. सोडा ॲश (सोडियम कार्बोनेट) वापरला तर ४ ग्रॅमच्या किंचित खाली, आणि त्याने पीएचही वर जातो. प्रवाळ १ डीकेएच वापरतं तेव्हा साधारण ७ पीपीएम कॅल्शियम वापरतं, त्यामुळे अल्कलिनिटी नीट सांभाळलीत तर कॅल्शियम रोज मोजायची गरज नाही. आठवड्याला एकदा पुरे, ४०० ते ४५० मध्ये असलं की झालं. मॅग्नेशियम १३०० च्या आसपास. सोडा आणि कॅल्शियमची द्रावणं एकाच वेळी, एकाच जागी ओतायची नाहीत, दुधासारखा साका होतो.

एक सापळा आधीच दाखवून ठेवतो, कारण बरेच टँक इथे दुसऱ्यांदा कोसळतात. पोषण सुरू झाल्यावर काही आठवड्यांत प्रवाळं सावरतात, वाढू लागतात, आणि इतके दिवस जवळपास नसलेला अल्कलिनिटीचा खप अचानक सुरू होतो. माणूस मात्र डायनो गेल्याच्या आनंदात असतो, टेस्ट किट कपाटात जातं, आणि आठवड्याभरात अल्कलिनिटी ६ वर येते. घाबरून तो एका दिवसात ती ९ वर नेतो आणि टोकं पुन्हा जळतात. हॅमरचा रंग परत येऊ लागला की तीच रोज अल्कलिनिटी मोजायला सुरुवात करण्याची खूण समजा. आणि कधी उतरलीच तर दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त वर न्यायची नाही.

दिवे. फिक्या प्रवाळाकडे प्रकाश झेलायची ताकद कमी असते, म्हणून तीव्रता सध्या तिसऱ्या हिश्शाने खाली आणा. तास तेवढेच ठेवा. पार मीटर (प्रवाळातल्या शैवालांना वापरता येणारा प्रकाश मोजणारं उपकरण) उसना मिळाला तर हॅमरला १०० ते १५० आणि अक्रोपोराला सध्या २०० पुरे. रंग परतल्यावर आठवड्याला थोडं थोडं वाढवा. हॅमरला रात्री बारीक चिरलेलं मायसिस झिंगं भरवलंत तर तो लवकर सावरेल. अक्रोपोराचं मात्र खात्रीने सांगता येत नाही. ज्या फांदीवरची ऊती बुडाकडून सुटत वर येत असेल, तिचं निरोगी टोक तोडून वेगळं लावा, उरलेल्या भागाची आशा धरू नका.

बदल कधी दिसेल? पहिले दोन आठवडे काही नाही, किंबहुना डायनो थोडे वाढलेलेही दिसतील, आणि हात शिवशिवतील. साधारण महिना-दोन महिन्यांत काचेवर हिरवा थर यायला लागेल, दगडावर थोडं केसाळ शेवाळ येईल. घरची मंडळी म्हणतील टँक बिघडला. तो सुधारतोय, हिरवं शेवाळ डायनोंच्या जागा घेतंय. काच पुसा, दगडावरचं तसंच राहू द्या, आणि तेव्हाच नव्या गोगलगाई आणा, आधी नाही. त्या काळात पुन्हा जीएफओ लावलात तर केलेलं सगळं वाया जाईल. फॉस्फेट ०.१५ च्या वर जाऊन तिथेच राहू लागलं तर खाणं जरा आवरा किंवा वॉटर चेंज पुन्हा सुरू करा, तेवढं बहुतेक वेळा पुरतं.

राहिली अ‍ॅनेमनी. आत्ता नाही, आणि या वर्षी तर नकोच. तिलाही पोटात तीच झुझॅन्थेली सांभाळायची असते, त्यामुळे प्रवाळं फिकी पडणाऱ्या टँकमध्ये ती आधी आकसते, मग जागा शोधत फिरते, आणि फिरता फिरता वेव्हमेकरमध्ये (पाण्यात प्रवाह करणाऱ्या पंपात) सापडून सगळा टँक नासवते. तुमच्या क्लाउनला तिची गरजही नाही. तुमची जोडी ऑसेलारिस असेल तर समुद्रात ते मॅग्निफिका किंवा जायंट कार्पेटसारख्या अ‍ॅनेमनींत राहतात. दुकानात त्यांच्यासाठी म्हणून दाखवली जाणारी बबल टिप त्यांच्या नैसर्गिक यजमानांत नाही. टँकमध्ये ते तिच्यात शिरतात कधी कधी, आणि कधी ती सोडून पंपाच्या कोपऱ्यात झोपतात. पुढे काहीही घेताना, अ‍ॅनेमनी असो की प्रवाळ, टँकमध्ये वाढवलेलं किंवा कलम केलेलंच घ्या. सगळी दगडी प्रवाळं वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि तुमच्या देशाचा कायदा त्याहून कडक असू शकतो. तो आधी वाचा आणि विक्रेत्याकडे कागद मागा.

सूक्ष्मदर्शकात जे दिसेल त्याचा मोबाइलने छोटा व्हिडिओ काढा. फोटो नको, हालचाल दिसायला हवी. तो आणि आठ दिवसांचे नायट्रेट, फॉस्फेट, अल्कलिनिटीचे आकडे पाठवा, मग यूव्ही घ्यायचा की नाही ते ठरवू. तोपर्यंत तो विकत घेऊ नका.